जोडटाकीवाले मिस्त्री

"बसा पहिले. कोठं जायचं ते मग सांगा."

मोटारसायकलवरून उतरलेल्या गिऱ्हाइकाला मिस्त्री असं म्हणत आणि पुन्हा गाडीवर बसायला लावत. मग तो जंगलखात्याचा साहेब असो, नाहीतर एखाद्या मालगुजाराचा लाडावलेला मुलगा. गल्लीच्या मधोमध, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, त्याला स्टँडवरच्या गाडीवर डोळे मिटून बसावं लागे. मिस्त्री त्याच्याशी गप्पा मारत राहत. घरी कोण कोण, पीकपाणी कसं, असलं काहीतरी. पाच-दहा मिनिटांनी त्या माणसाचे खांदे सैल पडत, पाठ जराशी वाके, आणि मग मिस्त्री हळूच खाली वाकून त्याच्या दोन्ही गुडघ्यांपाशी पेट्रोलच्या टाकीवर खडूची एकेक रेघ ओढत. तेवढं झालं की गिऱ्हाइकाची सुटका.

मी एकदा विचारलं की हे माप आल्याआल्या घेतलं तर काय बिघडतं. ते म्हणाले, नवीन बसलेला माणूस ऐटीत बसतो, त्याचं माप खोटं असतं. पन्नास मैल गेल्यावर तो जसा बसणार, तसं माप घ्या लागते. शिंप्यांनाही हे कळलं असतं तर आपल्या पिढीचे निम्मे कोट तरी अंगाला बसले असते, असं मला आजही वाटतं.

हे सगळं दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीच्या वर्षांतलं. मी तेव्हा नागपुरात सदरमधल्या एका मोटारसायकलींच्या दुकानात कारकून होतो. कारकून म्हणजे पत्रं लिहायची, सुट्या भागांच्या याद्या करायच्या, आणि शेठ चिडले की समोर उभं राहायचं. आमच्या गाड्या घेणारे लोक फिरतीचे. कुणी शिवनी-जबलपूरकडे जाई, कुणी चांद्याच्या खाली जंगलात. पेट्रोल मिळे ते मोठ्या गावात. मधल्या शंभर-दीडशे मैलांत डबा मिळाला तर नशीब. म्हणून गाडीच्या मूळ टाकीला जोडून आणखी दोन चपट्या टाक्या बसवायच्या, खोगिराला दोन्ही बाजूंनी पिशव्या असतात तशा. आम्ही तिला जोडटाकी म्हणायचो. विलायतेहून मागवली तर बोटीनं यायला तीन महिने, आणि आल्यावर कळायचं की ती दुसऱ्याच गाडीची आहे. अशी एक चुकीची टाकी आली तेव्हा शेठ भडकले आणि मला म्हणाले, शहरात जा, कुणी पत्र्याचं काम करणारा पाहा, नाहीतर तूच कर.

गांधीबागेत कापडाच्या गाठी उतरतात त्याच्या मागच्या गल्लीत मिस्त्री बसत. पन्नाशीचे असतील. कंदील, नरसाळी, तेलाची मापं, तुपाचे डबे असं त्यांचं काम. मी खिशातून टाकीचा इंग्रजी नकाशा काढून त्यांच्यापुढे पसरला. त्यांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला, घडी घालून मला परत दिला आणि म्हणाले, "हे तुमी ठेवा. गाडी घेऊन या."

त्यांची पद्धत त्यांची होती. कापडाच्या गाठींतला जाड पुठ्ठा ते शेजारच्या दुकानातून आणत, त्याची टाकी कापत, सुतळीनं गाडीला बांधत. मग दोन दिवस ती पुठ्ठ्याची टाकी लावून गिऱ्हाइकानं गावात हिंडायचं. लोक हसत. एक साहेब तर भयंकर संतापला होता. पण दोन दिवसांनी तोच येऊन म्हणाला की उजवीकडे अर्धा इंच कमी करा, मांडीला लागतं. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहून नुसती भुवई उचलली.

टाकीच्या आत काय हवं हे त्यांना कुणी शिकवलं नाही. पहिली टाकी तयार झाल्यावर त्यांनी ती अर्धी पाण्यानं भरली, दोन्ही हातांत धरली आणि गल्लीच्या टोकापर्यंत झपझप चालत जाऊन झटकन वळले. पाण्यानं त्यांना असं ढकललं की ते समोरच्या टिनवाल्याच्या ओट्यावर जाऊन बसले. हा समोरचा टिनवाला त्यांचा जन्माचा स्पर्धक. तो आठवडाभर ही हकीकत सांगत होता. मिस्त्री मात्र खुशीत होते. पाणी मोकळं सोडलं की दंगा करते, त्याले खोल्या करून द्या लागतात, असं म्हणत त्यांनी टाकी पुन्हा उकलली आणि आत तीन आडव्या भिंती घातल्या. प्रत्येक भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटं दार ठेवलं, म्हणजे पेट्रोल या खोलीतून त्या खोलीत जाईल, पण धावत जाणार नाही.

चूकही केली. आणि ती अशी की फक्त तुपाचे डबे करणाऱ्या माणसालाच जमावी. मिस्त्रींच्या डब्याचं झाकण म्हणजे काय सांगू. आतला वाससुद्धा बाहेर येत नसे. तसंच झाकण त्यांनी पहिल्या टाकीला बसवलं. जंगलखात्याचा एक साहेब ती लावून छिंदवाड्याच्या वाटेवर निघाला आणि दर आठ-दहा मैलांवर गाडी बंद. साहेब उतरायचा, झाकण उघडून पाहायचा, आत पेट्रोल भरपूर. झाकण लावून किक मारली की गाडी सुरू. पुन्हा दहा मैलांवर बंद. असा तो उतरत-चढत गेला आणि तिथून त्यानं आम्हाला पत्र लिहिलं, ते मी शेठना मोठ्यानं वाचून दाखवू शकलो नाही.

मी हे मिस्त्रींना सांगितलं. मग त्यांनी एक अरुंद गळ्याची सुरई पाण्यानं भरली, उपडी धरली आणि पाणी अडखळत, गुडगुड करत कसं पडतं ते पाहत बसले. वरून हवा आत गेली नाही तर खालून पेट्रोल येणार नाही, हे त्यांना तिथंच उमगलं. मी म्हटलं, सोपं आहे, झाकणाला एक भोक पाडा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना स्वतःच्या देव्हाऱ्यावर पाय ठेवायला सांगितलं. भोक पडलेलं झाकण आपल्या दुकानातून जाणार नाही, एवढंच म्हणाले. दोन दिवस त्यांनी काम बंद ठेवलं. तिसऱ्या दिवशी झाकणात त्यांनी एक बारीक नळी बसवली, वर जाऊन पुन्हा खाली वळलेली. हवा आत जायची, पेट्रोल हिंदकळून बाहेर यायचं नाही, धूळ पडायची नाही. आमच्या शेठनी ती नळी विलायती टाकीशेजारी ठेवून पाहिली आणि कुणाची चांगली आहे ते मुद्दाम बोलले नाहीत.

स्वतः मिस्त्री रामटेकच्या पलीकडे कधी गेले नव्हते. रामटेक म्हणजे त्यांची सासुरवाडी. पण त्यांच्या टाक्या फार लांब हिंडून आल्या. गिऱ्हाईक परत आलं की ते विचारत, कुठपर्यंत गेली होती. माणूस कुठपर्यंत गेला होता हे विचारत नसत. कुणी पचमढी म्हटलं की घाट कसा आहे, वळणावर टाकीनं आवाज केला का, रात्री थंडीत पत्रा वाजला का. त्यांच्याएवढा चौकस श्रोता मला पुन्हा भेटला नाही.

आता नाकाविषयी सांगतो, कारण सगळं त्या नाकापाशीच येऊन ठेपलं.

सांधा पक्का आहे की नाही हे पाहायची मिस्त्रींची रीत अशी होती. आधी सगळ्या सांध्यांवर बाहेरून चुना लावायचा आणि आत रॉकेल भरून ठेवायचं. सांध्यातून रॉकेल झिरपलं की चुन्यावर काळा डाग उमटतो. पण एवढ्यानं त्यांचं भागत नसे. पेट्रोल रॉकेलपेक्षा पातळ, आणि ते बाहेर येता येताच उडून जातं, डाग ठेवत नाही. आणि जोडटाकीच्या खाली तापलेलं इंजिन. म्हणून चुना पुसून, टाकीत पेट्रोल भरून ती रात्रभर खुंटीला टांगायची, आणि सकाळी चहाच्या आधी, तंबाखूच्या आधी, नाक सांध्याला लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत हुंगत जायचं. मिस्त्री डोळे मिटून, नाक न उचलता, एकसारखे जात. कुठं थांबले की समजायचं, तिथं पुन्हा झाळायचं. कथील वितळवून सांधा बंद करतात त्याला झाळणं म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. थांबले नाहीत तर टाकीवर थाप मारून म्हणत, "न्या."

त्या "न्या"वर आमचं दुकान चालत होतं. शेठ टाकीचे पैसे घेताना सांगत, आमच्या मिस्त्रींनी हुंगलेली आहे.

एका हिवाळ्यात मिस्त्रींना मोठा ताप आला. महिनाभर दुकान बंद होतं. उठले तेव्हा गालफडं बसली होती, पण हात पूर्वीसारखेच चालायला लागले, म्हणून मी निश्चिंत झालो. त्यानंतर केव्हातरी गल्लीतलं गटार उपसायला घेतलं. तो वास ज्यांना माहीत आहे त्यांना मी काय सांगू. समोरचा टिनवाला दुकानाला फळ्या लावून घरी गेला. मी नाकाला रुमाल लावून बोलत होतो. मिस्त्री मात्र गटारापासून चार हातांवर बसून कंदिलाची काच बसवत होते आणि मला म्हणत होते, बाबूजी, पडसं झालं काय? मला हसू आलं. एवढा साधा माणूस, गल्लीत काय चाललंय याचाही पत्ता नाही, असं मला वाटलं. साधेपणा माझाच होता.

मग एकदा मला एका टाकीची घाई होती म्हणून मी सकाळी लवकर गेलो. ओट्यावर चढायच्या आधीच थांबलो, कारण मिस्त्री टाकी हुंगत होते आणि तेव्हा त्यांना कुणी बोललेलं चालत नसे. नाक या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. पण "न्या" आलं नाही. ते टाकी मांडीवर घेऊन बसून राहिले. आतून त्यांची बायको झाडू घेऊन आली. उंच, हडकुळी, कपाळाला मोठं कुंकू लावणारी बाई. गल्लीत तिला सगळे मिस्त्रीणबाई म्हणत. तिनं झाडायच्या निमित्तानं टाकी त्यांच्या मांडीवरून उचलली, बाजूला ठेवायला म्हणून वाकली, आणि त्या वाकण्यात तिचं नाक सगळ्या सांध्यांवरून फिरून आलं. मग तिनं नवऱ्याकडे पाहून जराशी मान हलवली. मिस्त्रींनी खाकरून टाकीवर थाप मारली. तेवढ्यात त्यांना मी दिसलो.

"न्या," ते म्हणाले.

मी टाकी घेतली आणि आलो. रस्ताभर मला गटाराचा तो दिवस आठवत राहिला. त्या तापानं मिस्त्रींचं नाक गेलं होतं.

मी हे कुणाला सांगितलं नाही. त्याचं कारण माझं मोठं मन असं मी सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवाल, पण ते खरं नाही. शेठच्या कानावर गेलं असतं तर शेठनी पहिल्यांदा मलाच झापलं असतं. शिवाय बाईचं नाक उत्तम होतं, एकही टाकी परत आली नव्हती. चाललंय ते चालू द्यावं असं मला वाटलं. आणि खरं सांगायचं तर, त्या दोघांमधली ती मान हलवण्याची गोष्ट आपल्याला कळली आहे याचा मला आनंदही होता. लग्न होऊन मला वर्षच झालं होतं. माझ्या बायकोशी माझं अजून चहात साखर किती यावरूनही जमलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडून एका डॉक्टरनं गाडी घेतली. नुकताच सरकारी नोकरीत लागलेला, किडकिडीत, जाड चष्म्याचा मुलगा. त्याची नेमणूक चांद्याच्या खाली, नदीकाठच्या गावांत होती. तिकडं पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ सुरू झाली होती. पंधरा-वीस दिवसांत नदीवर जत्रा भरणार होती, त्याआधी त्याला गावोगाव लस टोचत पुढं जायचं होतं. चांद्यानंतर पेट्रोल नाही. म्हणजे जोडटाकी नसेल तर गाडी असून नसल्यासारखी. मिस्त्रींनी त्याला बसवलं, रेघा ओढल्या, पुठ्ठ्याच्या टाकीचे दोन दिवस त्याच्यासाठी एकावर आणले, आणि रात्रंदिवस काम करून टाकी आठवड्यात उभी केली. शुक्रवारी चुना लागला. शनिवारी टाकी पेट्रोल भरून खुंटीला गेली.

रविवारी मी न्यायला गेलो तर मिस्त्री म्हणाले, उद्या. सोमवारी म्हणाले, उद्या. मंगळवारी म्हणाले की नळी बदलून पाहतो. नळीला काही झालं नव्हतं. मी आत डोकावलो. चूल थंड होती, आणि शेजारणीनं आणून दिलेलं ताट झाकून ठेवलेलं होतं. मिस्त्रीणबाई रामटेकला गेल्या होत्या. तिथं त्यांची आई अंथरुणाला खिळली होती. केव्हा परततील याचा नेम नव्हता.

शेठनी मला सांगितलं, आज टाकी आण नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. डॉक्टर तर थांबायलाच तयार नव्हता. त्याला कळलं होतं की आणखी दोन गावांत रोग शिरलाय. तो मला गाडीच्या मागं बसवून गल्लीत घेऊन आला. मिस्त्री ओट्यावर होते, टाकी मांडीवर. समोरचा टिनवाला हातातलं काम थांबवून इकडं कान लावून बसला होता.

डॉक्टर भडाभडा बोलला. तिकडं माणसं मरताहेत आणि तुम्ही माझे तीन दिवस घालवलेत, असं काहीबाही. मिस्त्रींनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मी त्यांच्या जवळ जाऊन हळू आवाजात म्हणालो की चुन्यावर डाग आला नाही ना, मग देऊन टाका, काही होत नाही. हे मी म्हणालो. आज मला ते लिहितानाही बरं वाटत नाही.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. "बाबूजी," ते म्हणाले, "तुमाले तर माहीत आहे."

म्हणजे मला कळलंय हे त्यांना त्या सकाळीच कळलं होतं.

मग ते उठून उभे राहिले. गल्लीत तोपर्यंत पाच-पंचवीस माणसं जमली होती, हमाल, कापडाचे दलाल, येणारे-जाणारे. त्यांनी आवाज खाली आणला असता तर चाललं असतं. पण त्यांनी तो आणला नाही.

"डॉक्टरसाहेब, मले सहा महिन्यांपासून वास येत नाही. टाक्या माझी बायको हुंगून देते. ती रामटेकले गेली आहे. ही टाकी मी केली, पण बरोबर आहे का नाही, मले माहीत नाही."

समोरच्या टिनवाल्यानं हातातला हातोडा खाली ठेवला. तीस वर्षांची पत त्या माणसानं तिथं ओट्यावर उभं राहून सोडून दिली होती, आणि ती मी सांगितल्यासारखं केलं असतं तर शाबूत राहिली असती.

डॉक्टरचा राग कुठं गेला कोण जाणे. त्यानं विचारलं, आता काय करायचं. मिस्त्री म्हणाले, "तुमाले नाक आहे ना? तुमी हुंगा. मी शिकवतो."

आणि त्यांनी शिकवलं. पहिले श्वास पूर्ण बाहेर सोडा. डोळे मिटा. नाक सांध्याले लावा आणि बोटभर पुढं जा. ओढू नका, येऊ द्या. मधे बोलू नका. डॉक्टर चष्मा काढून, टाकीवर वाकून, या टोकापासून निघाला. डावी टाकी झाली. उजव्या टाकीच्या खालच्या सांध्यावर, नळाच्या जवळ, तो थांबला. मागं सरकला, पुन्हा तिथंच आला.

"इथं," तो म्हणाला.

बरोबर इंजिनाच्या वर. मिस्त्रींनी खडूनं तिथं फुली मारली. मघाशी मी काय देऊन टाकायला सांगत होतो ते त्या फुलीकडे पाहून मला कळलं.

टाकी रिकामी करून, उन्हात उघडी ठेवून, पाण्यानं भरून त्यांनी तो सांधा पुन्हा झाळला. पेट्रोल प्यायलेल्या टाकीला पाणी भरल्याशिवाय ते झाळायची तापलेली कांडी लावत नसत, आत उरलेली वाफ भडकते म्हणून. रात्री डॉक्टर घरी गेलाच नाही, ओट्यावरच झोपला. सकाळी चहाच्या आधी त्यानं दोन्ही टाक्या हुंगल्या, आणि कुणी सांगितलं नसताना टाकीवर थाप मारली. निघताना त्यानं मिस्त्रींचं नाक उजेडात धरून पाहिलं, तापाविषयी विचारलं, आणि प्रामाणिकपणे सांगितलं की बहुतेक परत येणार नाही. मिस्त्री म्हणाले, राहू द्या, जेवण तर जाते.

मिस्त्रीणबाई दोन दिवसांनी परतल्या. रामटेकहून येणाऱ्या गाडीतच त्यांना कुणीतरी सगळं सांगितलं होतं. त्या दिवशी मी दुकानात होतो, म्हणून मला ऐकावं लागलं.

"मी येऊनच राहिली होती ना. दोन दिवस काहून नाही थांबले? साऱ्या गल्लीले सांगत सुटले."

"तिकडे लोक मरून राहिले वं," मिस्त्री म्हणाले.

त्या आत गेल्या, चूल पेटवली, आणि थोड्या वेळानं मला विचारलं की डॉक्टरला कुठं वास आला होता. मी जागा दाखवली. त्यांनी मान डोलावली, जणू नवऱ्याचा हात कुठं चुकतो हे त्यांना ठाऊकच होतं.

त्यानंतर लपवायचं काही उरलं नाही. काही गिऱ्हाइकं समोरच्या टिनवाल्याकडे गेली. शेठनीही महिनाभर कुरकुर केली. मग डॉक्टर परतला. तो जत्रेच्या आधी शेवटच्या गावापर्यंत पोचला होता, आणि टाकीतून एक थेंब गळला नव्हता. त्यानं शेठना तसं लिहून दिलं. पुढं रीतच अशी पडली की मिस्त्रीणबाई ओट्यावर मिस्त्रींच्या शेजारी उघडपणे बसत, टाकी हुंगत, आणि मग गिऱ्हाइकालाही हुंगायला लावत. गोऱ्या साहेबांना डोळे मिटून पत्र्याला नाक लावताना मी पाहिलंय. मिस्त्री शेजारी बसून सांगत, ओढू नका, येऊ द्या. माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस. तेव्हा ते कळत नव्हतं, एवढंच.

मग लढाई आली. पेट्रोल कुपनावर मिळू लागलं. लांब फिरायला जातो कोण, आणि जोडटाकी लावतो कोण. उलट जादा टाकी दिसली की पोलीस संशय घ्यायचे. लोकांनी टाक्या काढून माळ्यावर टाकल्या. मिस्त्री पुन्हा कंदील आणि तेलाची मापं करायला लागले. मी कधी गेलो की विचारत, कुठून काही आलं काय. मी नाही म्हणत असे. आमचं दुकान बंद होऊन मी कचेरीत चिकटलो होतो, हेसुद्धा मी त्यांना बरेच दिवस सांगितलं नाही. लढाई संपायच्या थोडं आधी ते गेले. दुपारी जेवून ओट्यावर टेकले ते उठले नाहीत.

दोन-तीन महिन्यांनी तो डॉक्टर नागपुरात आला. अंगानं भरला होता, केसही विरळ झाले होते. सरकारी फिरतीचं पेट्रोल मिळे म्हणून गाडी अजून तीच होती, टाक्याही त्याच. मिस्त्री गेल्याचं त्याला माझ्याकडूनच कळलं. त्या दिवशी त्याला बालाघाटकडे निघायचं होतं, पण आधी बाईंना भेटून जाऊ म्हणाला.

आम्ही गेलो तेव्हा दुकानाला अर्ध्या फळ्या लावलेल्या होत्या. मिस्त्रीणबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. कपाळ मोकळं होतं. आम्ही काय बोललो असू ते मला आठवत नाही. अशा वेळी सगळे जे बोलतात तेच. त्यांनी पाणी दिलं. मग त्यांची नजर गाडीकडे गेली. सूप बाजूला ठेवून त्या खाली उतरल्या आणि न विचारता वाकल्या.

डावी टाकी झाली. उजवी झाली. मग त्या परत डावीकडे आल्या आणि वरच्या सांध्यावर थांबल्या.

"इथं वास येऊन राहिला," त्या म्हणाल्या.

डॉक्टरनं वाकून पाहिलं. त्याला काही कळलं नाही. त्यानं नाक लावलं आणि होकारार्थी मान हलवली. फार नव्हतं, पण होतं. इतक्या वर्षांच्या रस्त्यांनी सांधा केसभर उघडला होता. आम्ही तिघंही त्या जागेकडे पाहत उभे राहिलो. आत भिंतीवर मिस्त्रींची झाळायची कांडी टांगलेली होती. तिच्यावर धूळ बसली होती.

समोरचा टिनवाला उठून आला. म्हातारा झाला होता तोही. हलक्या आवाजात म्हणाला, वहिनी, मी करून देतो, पाणी भरून करतो, ते करत होते तसंच. मिस्त्रीणबाईंनी त्याला नाही म्हटलं नाही, पण हो सुद्धा म्हटलं नाही.

"मी अजून वास सांगू शकते," त्या म्हणाल्या. "पण आता सांगू कोणाले?"

मग त्या आत गेल्या आणि धुण्याच्या साबणाचा तुकडा घेऊन आल्या. तो त्यांनी सांध्यावर घासला, अंगठ्यानं आत दाबला, वरून पुन्हा घासला. बालाघाटपर्यंत पुरेल, असं डॉक्टरला सांगितलं. तिथं चांगला मिस्त्री पाहून घ्या म्हणाल्या. डॉक्टरनं टोपी घातली, किक मारली. इंजिन सुरू झालं, पत्रा थरथरायला लागला, तरी त्यांचा अंगठा त्या जागेवरच होता. डॉक्टर ब्रेक धरून, त्या हात काढतील म्हणून, तसाच बसून राहिला.